एक पायरी मागे

वारज्यात, पिठाच्या गिरणीच्या वर माझा क्लास.
रविवारी सकाळी नऊला फळ्यावर लिहिते
तेव्हा खाली कुणाची तरी ज्वारी पडत असते
आणि हातातला खडू थरथरतो.
बारा जण. फी महिन्याला सहाशे, जमेल तशी.

त्या दिवशीचा धडा : जे वाटलं, आणि तसं नव्हतं.
मी सांगितलं, इंग्रज हे काम फार नीटनेटकं करतो.
आय थॉट म्हटलं की पुढचं सगळं वाक्य
एक पायरी मागे सरकतं.
इज असेल तर वॉज, विल असेल तर वुड.
चूक झाली ना, मग ती अख्खीच्या अख्खी
कालच्या खोलीत नेऊन ठेवायची
आणि बाहेरून कडी घालायची.

रुक्साना तांबोळी लॅबमध्ये रक्त काढते. ती म्हणाली,
पण मॅडम, आपण तर म्हणतो,
मला वाटलं तुम्ही घरी आहात.
आहात! घरी नसलात तरी आहात.
सगळे हसले, मीही.
वीस वर्षं शिकवतेय,
माझ्या कानाला हे कधी खटकलं नव्हतं.
आपल्याकडे चुकीच्या समजुतीच्या घरात
दिवा चालूच राहतो.
बिल कोण भरतं, कुणास ठाऊक.

केंजळेकाकूंची नात डब्लिनला, तिच्याशी बोलायचं म्हणून त्या येतात.
त्यांनी विचारलं, आणि वाटलंच होतं, त्याला काय म्हणतात?
त्याला आय न्यू इट म्हणतात.
म्हणजे एक च लावला की आपण बरोबर?
हो.
मग आमच्या सोसायटीत, काकू म्हणाल्या,
आय थॉट कुणाला लागायचंच नाही.

हणमंत कोळपे तीन रविवार आला नव्हता.
मला वाटलं, कंटाळला आहे.
मला वाटलं, पैशाचं अडलं आहे.
बघा, दोन्हीकडे आहे.
आज आला तो टोपी घालून, वर्गातही काढली नाही.
प्रत्येकाने एक वाक्य करायचं होतं.
त्याने उभं राहून केलं :
आय थॉट माय फादर इज स्लीपिंग.

गिरणी चालूच होती.

मग मराठीत, खिडकीकडे बघत :
ससूनला, पहाटे चहा आणायला खाली गेलो.
परत आलो तर मला वाटलं झोपलेत.
गार लागेल म्हणून चादर वर ओढली,
पंखा एकवर केला.
त्यांचा चहा निवत होता, तोही मीच पिऊन टाकला.
सिस्टर आली तर तिला म्हटलं,
हळू बोला.

कुणी काही बोललं नाही.
काकूंनी पर्समधून गोळी काढली आणि हातातच धरून ठेवली.

चूक काढा ना बाई, तो म्हणाला,
उद्या इंटरव्ह्यू आहे. हिंजवडीला, रात्रपाळीचा सुपरवायझर.
वाक्य फळ्यावर लिहिलं होतं मी, त्याने म्हटलं तसंच.
डस्टर समोर होता, तरी बोटानेच इज पुसला.
वर वॉज लिहिला.
त्याने वहीत उतरवून घेतलं, बोट ठेवून वाचलं.
वॉज स्लीपिंग.
म्हणजे झोपले होते.
पण नव्हते ना झोपले, बाई.

व्याकरणाने बरोबर आहे, मी म्हटलं.
दुसरं काय म्हणणार होते.

जिन्याची खालून दुसरी पायरी पिठाने निसरडी असते,
दर रविवारी मी वरून ओरडून सांगते.
आज सांगायचं राहिलं.
तो उतरल्याचा आवाज आला, पडल्याचा नाही.

घरी पोचले, कुलूप काढताना बघितलं,
उजव्या हाताच्या बोटाला पांढरं काहीतरी.
मला वाटलं, पीठ आहे.